उष्णतासह तंतुमिश्र पदार्थ आणि पेटंट

(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



गेल्या वर्षीच्या गुणगौरव समारंभात आपल्या ज्ञातीतील संशोधक तरुण पाहिले, तेव्हाच हा विषय मांडावयाचा असे मी ठरविले. विषय रुक्ष आहे. परंतु त्यातील एका चुकीची किंमत मी स्वतः मोजली आहे.

मातीची भिंत भेगाळू नये म्हणून आपले पूर्वज चिखलात तूस कालवीत. सिरॅमिक पदार्थ उष्णता सोसतो, पण एका चिरेसरशी दुभंगतो. त्यात तंतू गुंफले तर चीर तंतूपाशी अडते. मात्र तंतू भोवतालच्या पदार्थास घट्ट चिकटला, तर चीर त्यालाही कापून पुढे जाते. म्हणून तंतूवर बोरॉन नायट्राइडसारखा अतिसूक्ष्म लेप देतात. तंतू किंचित सरकतो आणि चिरेचा जोर जिरतो. सारी करामत या लेपात आहे! जपानातील तोहोकू विद्यापीठाच्या सेइशी याजिमा यांनी १९७५ साली सिलिकॉन कार्बाइडच्या तंतूची कृती प्रसिद्ध केली. २०१६ पासून लीप इंजिनाच्या प्रवासी विमानांत अशा पदार्थाचे भाग आहेत. इस्रोने २०२४ मध्ये पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यासाठी कार्बन-कार्बनचे नॉझल सिद्ध केले. तप्त हवेत कार्बन जळतो, म्हणून त्यावरही सिलिकॉन कार्बाइडचा लेप आहे.

आता कायदा. १९७० च्या पेटंट अधिनियमाच्या कलम ३ (ई) प्रमाणे, मिश्रणात घटकांच्या गुणांची नुसती बेरीज होत असेल, तर पेटंट मिळत नाही. तंतू बळकट, सिरॅमिक उष्णतासह, म्हणून दोन्ही एकत्र केले, एवढ्याने भागत नाही. एकेका घटकात नसलेला गुण मिश्रणात उपजला, हे मोजमापांनिशी दाखवावे लागते. दाव्यात लेपाची जाडी एकाच आकड्यात बांधली, तर प्रतिस्पर्धी ती थोडी बदलून निसटतो. ऐसपैस मांडली, तर दावा जुन्या पेटंटांवर आदळतो. हे काम सर्वस्वी वकिलावर सोपवू नये.

माझी चूक निराळीच. एका विद्वत्सभेत मी भट्टीचे तापमान, लेपाची कृती, सारे निबंधातून वाचले व छापावयासही दिले. टाळ्या मिळाल्या. अर्ज मात्र चौदा महिन्यांनी केला. अशा निबंधास कायदा बारा महिन्यांची सवलत देतो. ती उलटली होती. माझाच छापील निबंध माझ्या अर्जाच्या आड आला. ‘आधी निबंध, मग अर्ज’ हा सल्ला वरिष्ठांचा होता, परंतु कायदा मीही वाचला नव्हता.

तेव्हा तरुणांनी प्रथम तात्पुरते विनिर्देशपत्र दाखल करावे. पूर्ण विनिर्देशास त्यानंतर बारा महिने मिळतात. मग निबंध खुशाल वाचावा. परदेशात आधी अर्ज करावयाचा असल्यास मात्र येथील परवानगी लागते. पेटंट मिळाल्यास अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे हक्क राहतो.

कोणास मसुदा दाखवावयाचा असल्यास भोजनोत्तर मंडपात भेटावे. कागद आणावा, वाटेत इतरांस दाखवू नये.