जनमताचा पूर्वग्रह आणि खुनाचा खटला

(पक्षाच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)

गाजलेल्या खुनाच्या खटल्यात बहुधा दोन निकाल लागतात. एक रस्त्यावर, पुरावा येण्यापूर्वी. दुसरा न्यायालयात, पुरावा झाल्यावर. पहिल्याचा दुसऱ्यावर परिणाम होतो काय, असे विचारले की विधिपंडित सांगतात, न्यायासनापर्यंत रस्त्यावरचा आवाज पोहोचत नाही. हा दावा तपासायचा तर खटल्यांचे कागदच उघडले पाहिजेत.

पहिला खटला अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचा. १५ एप्रिल १९२० रोजी साउथ ब्रेन्ट्री गावी बुटांच्या कारखान्याच्या पगाराची रक्कम नेणारा खजिनदार आणि त्याचा रक्षक यांना गोळ्या घालून पंधरा हजारांहून अधिक डॉलर लुटण्यात आले. ५ मे रोजी दोन इटालियन कामगारांना अटक झाली. निकोला साक्को हा बुटांच्या कारखान्यातील कारागीर, तर बार्तोलोमेओ वान्झेट्टी हा फिरून मासळी विकणारा. दोघेही अराज्यवादी. त्यांचे तत्त्वज्ञान कम्युनिस्टांचे नव्हते. परंतु रशियन क्रांतीने धास्तावलेल्या अमेरिकन राज्यकर्त्यांना असला भेद करण्याची गरज वाटत नव्हती. त्याच वर्षीच्या जानेवारीत देशभर धाडी घालून हजारो परदेशी कामगारांना पकडण्यात आले होते. परदेशी, जहाल आणि गुन्हेगार हे तीन शब्द वृत्तपत्रांनी एकमेकांचे प्रतिशब्द करून टाकले होते.

हा पूर्वग्रह न्यायालयात कोणत्या वाटेने शिरला? अटकेच्या वेळी दोघे खोटे बोलले होते. आपल्या मतांमुळे देशाबाहेर घालवले जाईल या भीतीने खोटे बोललो, असा त्यांचा खुलासा होता. सरकार पक्षाने तेच खोटे बोलणे खुनाच्या अपराधी जाणिवेचा पुरावा म्हणून मांडले. न्यायाधीश वेब्स्टर थेअर यांनी ज्यूरीला समुद्रापार लढलेल्या सैनिकांच्या देशभक्तीने कर्तव्य बजावण्याचे आवाहन केले. सरकारी वकील कॅट्झमन यांनी साक्कोला उलटतपासणीत विचारले, या देशावर प्रेम होते तर १९१७ साली लष्करभरती चुकवून मेक्सिकोला का गेलास? खुनाच्या आरोपाशी या प्रश्नाचा काय संबंध होता?

गोळीसंबंधीच्या साक्षीतही हेच घडले. राज्य पोलिसांचे कॅप्टन प्रॉक्टर यांनी ती गोळी साक्कोच्या पिस्तुलातून सुटली असण्याशी 'सुसंगत' असल्याचे सांगितले. १९२३ साली त्यांनीच प्रतिज्ञापत्र केले की, ती याच पिस्तुलातून सुटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नव्हता आणि त्या उत्तराची शब्दयोजना सरकारी वकिलांशी आधीच ठरली होती. १४ जुलै १९२१ रोजी ज्यूरीने दोघांना दोषी ठरवले. फेरखटल्याचे अर्ज पुन्हा थेअर यांच्यापुढेच गेले आणि त्यांनी ते फेटाळले. याच न्यायाधीशाने न्यायालयाबाहेर आरोपींना शिवीगाळ केल्याचे एका प्राध्यापकाने पुढे सांगितले. १९२५ साली दुसऱ्या एका कैद्याने गुन्ह्याची कबुली दिली. तीही व्यर्थ गेली. पुराव्याचे वजन नव्याने करण्याचा अधिकार राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाला त्या वेळी नव्हता. जगभरच्या कामगारांनी निदर्शने केली, तरीही २३ ऑगस्ट १९२७ रोजी दोघांना विजेच्या खुर्चीत ठार करण्यात आले. वरिष्ठ न्यायालयाचे अधिकार वाढवणारा कायदा झाला १९३९ साली. खटला न्याय्य झाला नव्हता, ही गव्हर्नर डुकाकिस यांची कबुली आली १९७७ साली.

साक्को खरोखर निर्दोष होता काय, यावर आजही वाद आहे. १९६१ सालच्या चाचणीत तज्ज्ञांनी गोळी त्याच्याच पिस्तुलाची ठरवली. पुराव्याची वस्तूच बदलली गेली असावी, असा संशय इतरांनी घेतला. हा वाद लपवण्याचे कारण नाही. आरोपी दोषी आहे काय हा एक प्रश्न आणि खटला न्याय्य झाला काय हा दुसरा. पूर्वग्रह प्रथम या दोन प्रश्नांतील भिंतच पाडतो.

पूर्वग्रह नेहमी आरोपीच्या विरुद्धच असतो असेही नाही. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलाचे कमांडर नानावटी यांनी प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींना गणवेशातील आदर्श पती म्हणून लोकांपुढे उभे केले. आठ विरुद्ध एक मतांनी ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना तो कौल मान्य झाला नाही. उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १९६४ साली राज्यपालांनी त्यांना माफी दिली. ज्याच्यामागे दर्जा, वृत्तपत्र आणि वजनदार माणसे असतात, त्याच्या वाट्याला सहानुभूतीचा पूर्वग्रह येतो.

ज्यांच्यामागे कोणीच नसते त्यांचे काय होते? महाराष्ट्रात २००३ साली एका गरीब कुटुंबातील पाच जणांचे हत्याकांड झाले. भटक्या जमातींतील सहा मजूर पकडले गेले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. वाचलेल्या स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नव्हता. आरोपी समाजाच्या तळच्या थरातील अतिशय गरीब मजूर असल्याने त्यांना खोटे गोवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयानेच नमूद केले. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला; परंतु त्याने जोपासलेला संशय पोलीस ठाण्यातून हद्दपार झाला नाही. येथे ज्यूरी नव्हती, प्रशिक्षित न्यायाधीशच होते, हे विधिपंडितांनी लक्षात घ्यावे.

कॉम्रेड्स, यातून पक्षकार्यकर्त्याने काय घ्यायचे? वस्तीतील एखाद्या मुलीचा खून होतो, लोक संतापतात, मोर्चा निघतो. तो संताप न्याय्य असतो आणि पक्षाने लोकांबरोबरच असले पाहिजे. पण पोलिसांनी कोणाला तरी कॅमेऱ्यापुढे उभे केले की, 'याला फाशी द्या' ही घोषणा आपल्याही तोंडी येते. त्या क्षणी तपास पूर्ण करण्याची पोलिसांची जबाबदारी आपणच हलकी करतो. निर्दोष मजूर सोळा वर्षे तुरुंगात राहिले, तेव्हा पाच माणसे गमावलेल्या त्या कुटुंबालाही न्याय मिळाला नाही, हे विसरता कामा नये.

म्हणून मोर्चाची मागणी असावी ती संपूर्ण तपासाची, साक्षीदारांच्या संरक्षणाची, आणि आरोपी गरीब असेल तर त्याला सक्षम वकील मिळण्याची. आरोपी आपला वर्गशत्रू असला तरी हा नियम बदलता येणार नाही. शत्रूपुरता मोडलेला नियम दुसऱ्या दिवशी कामगारावरच उलटतो. शाखेने ठराव करण्यापूर्वी आरोपपत्र वाचावे, एवढी शिस्त तरी प्रत्येक शाखेने आजपासून पाळावी.