विळ्याच्या आकाराची रक्तपेशी

मुंबईहून नागपुरास जाणारी आगगाडी धामणगांव मागें टाकून वर्धा नदी ओलांडते आणि पुलगांवच्या स्टेशनांत शिरते. हें गांव एके काळीं कापसाच्या गिरणीमुळें आणि आर्वीकडे जाणाऱ्या अरुंद रुळावरील गाडीमुळें प्रसिद्ध होतें. आज लष्कराच्या दारूगोळ्याच्या कोठारामुळें त्याचें नांव वृत्तपत्रांत येतें. ज्या दुखण्याचा विचार येथें करावयाचा आहे, त्याचा मुलूख ह्याच रेल्वेच्या दोन्ही बाजूंस, पूर्वेकडे थेट गडचिरोलीच्या रानापर्यंत पसरलेला आहे. त्या दुखण्यास डॉक्टर 'सिकलसेल' म्हणतात. लोक नुसतें 'सिकल' म्हणतात.

मूल कांहीं महिन्यांचें होईतों धडधाकट दिसतें. पुढें एकाएकीं त्याच्या हातापायांचे पंजे सुजतात, डोळे पिवळे दिसूं लागतात, आणि थंडी, ताप किंवा उन्हाळ्यांतील तहान ह्यांचें निमित्त होऊन हाडांत अशी कळ उठते कीं, मोठीं माणसेंहि ओरडतात. घरांत कोणी ह्यास वात म्हणतो, कोणी कावीळ म्हणतो. दोन्ही नांवें लक्षणांचीं आहेत, रोगाचीं नव्हेत.

रोगाची जागा सांपडावयास जवळजवळ अर्धें शतक लागलें. १९१० सालीं शिकागोचे डॉक्टर हेरिक ह्यांनीं ग्रेनाडा बेटांतून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तांत विळ्याप्रमाणें वांकलेल्या तांबड्या पेशी पाहिल्याचें प्रसिद्ध केलें. पेशी वांकते कां, ह्याचें उत्तर १९४९ सालीं लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी ह्यांनीं शोधलें. त्यांनीं निरोगी माणसाचें व रोग्याचें हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रांत ठेवलें, तों दोन्ही निरनिराळ्या वेगानें सरकलीं. म्हणजे दोष पेशींत नव्हे, तिच्यांतील रेणूंतच होता. आज ज्यास रेणवीय वैद्यक म्हणतात, त्याचा पाया ह्या एका प्रयोगानें घातला असें म्हणावयास हरकत नाहीं. पुढें सात-आठ वर्षांत व्हर्नन इन्ग्रॅम ह्यांनीं तो दोषहि नेमका दाखविला. हिमोग्लोबिनच्या बीटा सांखळींत १४६ मणी असतात. त्यांतील सहावा मणी ग्लुटामिक आम्लाचा असावयाचा, तो व्हॅलिनचा असतो. एवढाच काय तो फरक! परंतु तेवढ्यानें प्राणवायु सोडल्यावर हे रेणू एकमेकांस चिकटून ताठ काड्या बनतात, पेशी वांकते, आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसते. निरोगी पेशी सुमारें १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांतच फुटते. तीच रोग्याची कावीळ, तोच त्याचा अशक्तपणा.

श्रोत्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ह्या अडकलेल्या पेशींमुळें पाणथरी बालपणींच निकामी होऊं लागते. पाणथरी म्हणजे रक्तांत शिरलेले जंतु गाळणारी चाळणी. ती गेली कीं शरीराची प्रतिकारशक्ति एका बाजूनें उघडी पडते. म्हणून अशा मुलास न्युमोकोकस जंतूंवरील लस व लहानपणीं पेनिसिलिन देतात, आणि त्याचा साधा ताप साधा समजत नाहींत.

दोषी जनुक आई व बाप ह्या दोघांकडून आलें तरच रोग होतो. एकाकडूनच आलें तर मनुष्य केवळ वाहक असतो, आणि बहुधा जन्मभर त्यास त्याची वार्ताहि नसते. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गर्भारपणीं रोगाचा संभव चारांत एक असतो. पहिलें मूल रोगी झालें म्हणून पुढलीं तीन सुटलीं, असा हिशेब कित्येक सुशिक्षितहि करतात. तो साफ चुकीचा आहे. त्याहून वाईट चाल ही कीं, रोगी मुलाचा दोष सुनेच्या माथीं मारला जातो. बापाच्या वांट्यावांचून हा रोग होतच नाहीं, हें निदान सासूसासऱ्यांस कोणी तरी सांगावयास पाहिजे.

हें जनुक येथें टिकलें कसें? अँथनी ॲलिसन ह्यांनीं १९५४ सालीं आफ्रिकेंतील पाहणीवरून दाखविलें कीं, वाहकांना जीवघेण्या हिवतापापासून बरेंच संरक्षण मिळतें. हिवतापानें ग्रासलेल्या मुलखांत वाहकांचीं मुलें अधिक जगलीं आणि जनुकहि त्यांच्याबरोबर जगलें. भारतांत तें प्रथम १९५२ सालीं निलगिरींतील आदिवासींत आढळलें. १९५८ सालीं नागपूरच्या शुक्ल व सोळंकी ह्यांनीं मध्य भारतांतील वाहकांविषयीं लिहिलें. हा केवळ रानांतल्या लोकांचा रोग, ही समजूत मात्र सोडून द्यावी. विदर्भांत तो गोंड, माडिया व परधान ह्यांच्याप्रमाणेंच पूर्वीच्या महार समाजांत, तसाच कुणबी व तेली घरांतहि आढळतो.

अर्भकाच्या रक्तांत जन्मापूर्वीचें एक निराळें हिमोग्लोबिन असतें. तें काड्या बनूं देत नाहीं. म्हणूनच पहिले महिने सुखाचे जातात. भारतीय रोग्यांत हें हिमोग्लोबिन पुढेंहि बरेंच टिकतें, त्यावरून येथला रोग सौम्य असावा असा कयास होता. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांचा अनुभव वेगळा निघाला: विदर्भांतील कित्येक मुलांस तीव्र वेदना व वारंवार रक्त चढविण्याची पाळी येते. हायड्रॉक्सीयुरिया नांवाचें औषध तेंच अर्भकीय हिमोग्लोबिन वाढवितें. दीप्ती जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नागपुरास तें मुलांना कमी व ठराविक मात्रेंत, दर किलो वजनामागें रोज १० मिलिग्रॅम, देऊन गुण येतो असें २०१२ सालीं प्रसिद्ध केलें.

आतां जनुकच दुरुस्त करण्याची विद्या आली आहे. जंतूहि विषाणूंशीं लढतात. त्यांच्या ह्या संरक्षणव्यवस्थेंतून 'क्रिस्पर' नांवाची कात्री शास्त्रज्ञांनीं उचलली. तिनें रोग्याच्या मज्जेंतील मूळ पेशींत अर्भकीय हिमोग्लोबिन दाबून ठेवणारी कळ कापतात, आणि त्या पेशी परत शरीरांत सोडतात. ह्या उपचारास ब्रिटनमध्यें नोव्हेंबर २०२३ मध्यें व अमेरिकेंत त्याच्या पुढल्याच महिन्यांत परवानगी मिळाली. परंतु आधीं जहाल औषधांनीं जुनी मज्जा नष्ट करावी लागते, आणि अमेरिकेंतील किंमत बावीस लाख डॉलर ठरली. पुलगांवच्या शेतमजुरास हा आंकडा ऐकून काय वाटेल, तें सांगावयास नको.

त्याच्या मुलाला उपयोगी पडणाऱ्या गोष्टी स्वस्त आहेत. भारत सरकारनें १ जुलै २०२३ रोजीं ह्या रोगाच्या निर्मूलनाची मोहीम काढली असून २०४७ ही तिची मुदत आहे. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी तीत योजिली आहे. २०१६ च्या कायद्यानें हा रोग अपंगत्वांतहि धरला आहे. तपासणीस बोटांतून किंवा, तान्हें मूल असल्यास, टाचेंतून घेतलेले रक्ताचे थोडे थेंब पुरतात. तीं काढावयाचीं, तर लग्न ठरविण्यापूर्वी दोघांचे, आणि मूल जन्मल्यावर पहिला ताप येण्यापूर्वी.