फोर्कलिफ्टच्या सीटवर पहिला हक्क हमालाचा

(वसंत व्याख्यानमाला, धाराशिव)

अध्यक्ष महोदय, व्यापारी बंधूंनो आणि मागं उभ्या असलेल्या हमाल मित्रांनो, आधी पुढं येऊन बसा. खुर्च्या रिकाम्या आहेत.

पत्रिकेत विषय 'गोदामांतील यांत्रिकीकरण' असा छापलाय. मला त्यातलं एकच सांगायचंय. आपल्या गोदामात फोर्कलिफ्ट आली, की तिच्या सीटवर पहिला हक्क हमालाचा. १९६९चा माथाडी कायदा, अण्णासाहेब पाटील, बाबा आढावांची हमाल पंचायत हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही.

हे यंत्र मागच्या चाकांवर वळतं. त्यामुळं वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि शेजारी उभा असलेला माणूस सापडतो. पुढची दोन चाकं आणि मागच्या आसाचा मध्य, या तीन बिंदूंच्या आत तोल राहिला पाहिजे. बाहेर गेला की गाडी उलटली. तीन टनांची गाडी कसंही ठेवलेलं तीन टन वजन उचलत नाही. पाटीवरची क्षमता बहुधा फोर्कच्या उभ्या बाजूपासून ५०० मिलिमीटरवर वजनाचा मध्य धरून लिहिलेली असते. मध्य पुढं सरकला, की क्षमता घटली.

आता सांगा, वजनाचा मध्य कुणाला कळतो? सोयाबीनची थप्पी लागताना उभं राहून बघा. जाणता हमाल एक थर आडवा, एक उभा घालतो. वरचं पोतं खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर बसवतो. शिवलेली तोंडं आत घेतो. एखादं पोतं फुगलेलं असेल तर हातानं दाबून बघतो, जागा बदलतो. वर जाताना थर किंचित आत घेतो, म्हणून ती थप्पी ढासळत नाही. पॅलेटवर ५० किलोची २० पोती रचली की एक टन होतो, आणि तिथंही हीच विद्या लागते. ती सीटवरच्या माणसाला नसेल तर माल वळणावरच खाली येतो. मी हे...

(श्रोत्यांतून : हमाल सीटवर बसला तर हमाली कोण करणार? हशा.)

हसा, पण प्रश्न खरा आहे. एक यंत्र आलं की अनेकांची पाठ मोकळी होते आणि हातही रिकामे होतात. म्हणून बोलणी यंत्र यायच्या आधी व्हावीत, नंतर नव्हे. मी यंत्राविरुद्ध नाही, कृपा करून तसं छापू नका. क्विंटलची पोती वाहून वाकलेली पाठ ज्यानं पाहिली, तो यंत्राला नाही म्हणणार नाही. कुणी म्हणेल, हमाल शिकलेला नाही. मग शिकवा! फोर्क जमिनीपासून वीतभर वर ठेवून चालणं, भरलेली गाडी उतारावरून उतरवताना वजन चढाच्या बाजूला ठेवणं, फोर्कवर माणूस न चढवणं, हे हातानं शिकायचं काम आहे. आपली पोरं भिवंडी-चाकणला जाऊन शिकतात, मग इथं का नाही?

अध्यक्षांची चिठ्ठी आली. परवान्याचं आणि विम्याचं राहिलं, ते प्रश्नोत्तरांत घेऊ.

व्यापारी बंधूंनो, यंत्राची ऑर्डर देताना प्रशिक्षणाचा खर्च त्यातच धरा आणि शिकायला पाठवायच्या यादीत पहिलं नाव तुमच्याच गोदामातल्या हमालाचं लिहा.