किल्ट, नऊवारी आणि मोटरसायकल



स्कॉटलंडमधला किल्ट आपण चित्रांत आणि सिनेमात पाहिलेला असतो. लोकरीचा, चौकड्यांचा, गुडघ्यापर्यंत येणारा, मागच्या बाजूला दाट चुण्या असलेला पुरुषांचा पेहराव. १७४६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं कायदा करून डोंगराळ मुलखातल्या पुरुषांना तो नेसायला बंदी घातली होती. ती बंदी १७८२ मध्ये उठली. एवढं सोसून टिकलेला पोशाख लोक सहजी बाजूला ठेवत नाहीत. लग्नाला, पदवीदानाला, हायलँड गेम्सला तो नेसतात, आणि ज्यांच्याकडे मोटरसायकल आहे त्यांतले काही जण तो नेसूनच गाडीला किक मारतात.

आज मी या विषयावर बोलतोय याला कारण आहे. मी दुचाकी सुरक्षितपणे चालवायला शिकवतो. आपली कितीतरी मुलं ग्लासगो आणि एडिंबरासारख्या शहरांत शिकायला, नोकरीला आहेत. तिथल्या मित्राच्या लग्नात किल्ट भाड्यानं मिळतो, सुट्टीत मोटरसायकलही भाड्यानं मिळते, आणि मग दोन्ही हौशी एकाच दिवशी भागवाव्यात असं वाटतं. दुसरं कारण आपल्या दाराशी आहे. गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या मुली आपण दरवर्षी पाहतो. तिथले पुरुष असोत की इथल्या मुली, प्रश्न एकच आहे: परंपरेचा पेहराव अंगावर ठेवून हातपाय कसे राखायचे?

आधी किल्ट गाडीवर कसा वागतो ते बघू. अस्सल किल्टला सुमारे आठ वार कापड लागतं आणि त्याचं वजन दोन किलोंच्या आसपास भरतं. हे सगळं वजन मागे, चुण्यांमध्ये असतं. पुढे फक्त दोन सपाट पदर एकमेकांवर येतात आणि कमरेशी पट्ट्यांनी आवळले जातात. उभं असताना त्याची कड गुडघ्याच्या मध्यावर येते. गाडीवर बसलं, पाय फाकले, गुडघे टाकीला लावले की तीच कड मांडीवर सरकते. वेग घेतला की समोरचा वारा पुढच्या पदराखाली शिरतो. तो पदर दाबायला एक हात हँडलवरून सुटला की तोच धोक्याचा क्षण. म्हणून बसतानाच मागच्या चुण्या हातानं खाली सारख्या करून त्यांच्यावर नीट बसायचं, आणि पुढचा पदर दोन्ही मांड्यांच्या आत टाकीपाशी दाबून घ्यायचा. काही जण इलॅस्टिकची पट्टी लावून किल्ट गाडीला किंवा सीटला अडकवतात. हे कधीही करू नका. पडताना माणूस गाडीपासून सुटा व्हायला हवा. गाडीला बांधलेलं कापड त्याला गाडीबरोबर फरपटत नेतं.

चुण्या दोन्ही बाजूंना लोंबतात, तिथे आणखी एक गोष्ट तपासायची असते. काही गाड्यांचा सायलेन्सर उंचावरून, मांडीच्या जवळून जातो. अशा गाडीवर किल्ट नकोच. इथे कापडाचा प्रकार फार महत्त्वाचा आहे. अस्सल लोकर वितळत नाही. ती पेट घेते तीही मोठ्या आचेवर, आणि आच दूर झाली की बहुधा विझते. पण स्वस्तातले किल्ट पॉलिएस्टर आणि व्हिस्कोसच्या मिश्रणाचे असतात. पॉलिएस्टर साधारण अडीचशे-दोनशे साठ अंश सेल्सिअसला वितळतं आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटतं. इंजिनापासून निघणारा पाइप याहून जास्त तापू शकतो. आपल्याकडच्या जॉर्जेटच्या ओढण्या आणि सिंथेटिक साड्यांनाही हे तंतोतंत लागू आहे.

आता पडण्याबद्दल, कारण संरक्षक कपडे निवडायचे ते त्या दोन-तीन सेकंदांसाठी. ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणारा माणूस पडला, तर तो कोरड्या डांबरावर साधारण वीस ते पंचवीस मीटर घसरत जातो आणि थांबायला अडीच-तीन सेकंद घेतो. वेग ४० असला तरी दहा-अकरा मीटर घसरण होते. एवढा वेळ डांबर किसणीसारखं काम करत राहतं. साधी सुती जीन्स घर्षणाच्या चाचण्यांत बहुतेक वेळा एक सेकंदही टिकत नाही. मग उघड्या कातडीचं काय होत असेल ते सांगायला नको. जखमेत खडी आणि डांबराचे कण रुततात, ते भूल देऊन घासून काढावे लागतात, आणि गुडघ्यावरची अशी जखम भरून आली तरी सांधा आखडू शकतो. किल्टचं कापड जाड आहे, मागे तर त्याचे थरावर थर आहेत, मग थोडं तरी वाचवणार नाही का, असं मला विचारतात. नाही वाचवणार. घसरताना ते कापड पहिल्याच झटक्यात वर सरकतं आणि रस्त्याला लागते ती मांडी.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: पेहराव वर राहू द्या, संरक्षण त्याच्या आत, कातडीलगत असू द्या. निवड आतून बाहेर करायची. आधी पायाचं संरक्षण ठरवा, आणि त्यावर किल्ट बसतो का ते मग बघा.

आत काय घालायचं? मोटरसायकलसाठी खास बनवलेल्या घट्ट लेगिंग्ज आणि पँटी मिळतात. त्यांत अरामिडचे, म्हणजे केव्हलारच्या जातीचे, धागे असतात किंवा अतिशय चिवट पॉलिएथिलीनचे. काळ्या रंगाची अशी लेगिंग किल्टखाली फारशी उठून दिसत नाही, आणि वरून लोकरीचे लांब मोजे चढवले की पोटरीचा भाग झाकूनही जातो. पण लेगिंग घेताना नुसत्या ‘केव्हलार’ या शब्दावर भुलू नका. कपड्यात तो धागा चार टक्के आहे की चाळीस, आणि तो गुडघ्यावर आहे की फक्त शिवणीत, हे त्या शब्दावरून कळत नाही. आतल्या बाजूचं लेबल वाचा. युरोपात मोटरसायकलच्या कपड्यांसाठी ईएन १७०९२ नावाचं मानक आहे. त्यात सर्वांत वरचा दर्जा ट्रिपल ए, त्याखाली डबल ए, मग सिंगल ए. महामार्गावर जायचं असेल तर निदान डबल ए घ्या, असं मी सांगेन. बी दर्जात घर्षणापासून संरक्षण असतं पण पॅड नसतात. सी दर्जाच्या कपड्यात फक्त पॅड असतात, तो घसरणीत टिकण्यासाठी बनवलेला नसतो. नुसत्या पॅडवाल्या चड्डीवर किल्ट नेसून निघालेले लोक बहुधा हाच सी दर्जा वापरत असतात आणि आपण पुरते सुरक्षित आहोत असं समजतात.

पॅडचं मानक वेगळं, ईएन १६२१. पॅडवर एक छोटं मोटरसायकलस्वाराचं चित्र असतं. शेजारी ‘के’ हे अक्षर असेल तर ते गुडघ्याचं पॅड, ‘एच’ असेल तर खुब्याचं. बाजूला १ किंवा २ हा आकडा असतो. ठरावीक आघात केल्यावर पहिल्या पातळीचं पॅड सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंतचा जोर आत जाऊ देतं, तर दुसऱ्या पातळीचं २० पर्यंतच. किमतीतला फरक त्या मानानं थोडा असतो, तेव्हा दुसऱ्या पातळीचंच घ्या. आणि दुकानात उभ्यानं घालून समाधान मानू नका. गाडीवर बसल्यासारखे गुडघे वाकवा, मग हातानं पॅड बाजूला ओढून बघा. उभं असताना बरोबर वाटीवर असलेलं पॅड बसल्यावर वर किंवा आत सरकू शकतं. सरकलं तर तो कपडा कितीही चांगल्या दर्जाचा असो, तुमच्यासाठी नाही.

लेबलावर मी एवढा भर का देतो? ऑस्ट्रेलियात प्रत्यक्ष अपघात झालेल्या मोटरसायकलस्वारांचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. संरक्षक कपडे घालणाऱ्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण कमी होतं, हे त्यात दिसलं. पण त्याच अभ्यासात, मोटरसायकलसाठी म्हणूनच बनवलेल्या जॅकेटांपैकी, पँटींपैकी आणि हातमोज्यांपैकी पंचवीस ते तीस टक्के अपघातात निकामी ठरले. पुढे २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडनं मिळून मोटोकॅप नावाची योजना सुरू केली. तिथे बाजारातले कपडे विकत आणून तपासतात आणि निकाल सगळ्यांसाठी खुले ठेवतात. उन्हाळ्यात कोणता कपडा किती उकडतो याचेही गुण देतात. आपल्या हवामानात हे फार उपयोगी आहे, कारण उकडतं म्हणून घरी राहिलेलं जॅकेट कुणालाच वाचवत नाही.

किल्टबरोबरच्या वस्तूंबद्दल थोडक्यात सांगतो. पुढे लटकणारी चामड्याची थैली, स्पोरन, तिला धातूची कड आणि साखळी असते. समोरून धडक झाली तर टाकी आणि ओटीपोट यांच्यामध्ये ती सापडते. ती बॅगेत ठेवा. मोज्यात खोचायचा छोटा सुरा, स्गियन डू, तोही बॅगेत. खालच्या कोपऱ्यातली मोठी पिन काढून ठेवा. शरीर आणि रस्ता यांच्यामध्ये धातू आला की तो आत घुसतो. पायातले पारंपरिक बूट घोट्याखाली संपतात आणि त्यांच्या लांब नाड्या घोट्याभोवती गुंडाळलेल्या असतात. त्या गिअरच्या दांड्यात अडकायला वेळ लागत नाही. घोटा झाकणारे मोटरसायकलचे बूट घाला आणि लोकरी मोज्याची घडी त्यांच्यावर उतरवा. दिसायलाही ते वाईट दिसत नाही.

हेल्मेटला पर्याय नाही. ब्रिटनमध्ये ते १९७३ पासून सक्तीचं आहे. त्याची कथा मात्र त्याआधीची आहे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखला जाणारा टी. ई. लॉरेन्स १९३५ मध्ये मोटरसायकलवरून पडून डोक्याच्या दुखापतीनं गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे लष्करी निरोप्यांच्या अपघातांचा अभ्यास केला आणि हेल्मेटचा आग्रह धरला. आज आपण डोक्यावर जे घालतो त्यामागे त्या डॉक्टरांची चिकाटी आहे.

आणि थंडी. स्कॉटलंडच्या उत्तरेत पाच अंश तापमानात ताशी ८० किलोमीटरनं गेलं तर अंगाला उणे तीनच्या आसपासचा गारठा झोंबतो. गुडघे बधिर झाले की ब्रेकवरच्या पायाचा अंदाज चुकतो. तिथे इन्व्हर्नेसहून निघून इन्व्हर्नेसलाच परतणारा नॉर्थ कोस्ट ५०० हा सव्वाआठशे किलोमीटरचा रस्ता प्रसिद्ध आहे. बराच भाग एकेरी, समोरची गाडी आली की बाजूच्या जागेत थांबायचं, वळणावर खडी आणि मेंढ्या. अशा प्रवासात किल्ट नेसून बसू नका, असं मी स्पष्ट सांगतो. चुण्या सरळ ठेवून तो उभा गुंडाळा, जुन्या लांब मोज्याचा पाय कापून त्यात सरकवा आणि बॅगेत ठेवा. मुक्कामी पोचल्यावर नेसा. सुरकुती पडत नाही.

आता आपल्या पाडव्याकडे येऊ. नऊवारीला काष्टा असल्यामुळे दोन्ही पाय मोकळे राहतात आणि गाडीवर टांग टाकून बसता येतं. या बाबतीत ती किल्टपेक्षा चांगली. शिवाय ती सैल असते, तिच्या आत पॅडवाली लेगिंग सहज मावते. पदर मात्र कमरेला घट्ट खोचून त्याचं टोक आत घ्या. शोभायात्रेत वेग नसतो, तेव्हा घसरण्याची भीती कमी. तिथला खरा धोका निराळा आहे. १९० किलोंच्या आसपासची बुलेट गर्दीत तोल जाऊन जागेवर कलंडते आणि घोट्यावर पडते. कोल्हापुरी चप्पल किंवा अनवाणी पाय तिथे काहीच करू शकत नाही. तासभर क्लच दाबून रांगत चाललेल्या गाडीचं इंजिन आणि सायलेन्सर दोन्ही तापलेले असतात, आणि पोटरीवरचे डाग आयुष्यभर राहतात. घोटा झाकणारे बूट घाला. फोटोत पायाकडे कुणी बघत नाही.

मागे बसणाऱ्या आया-बहिणींसाठीही दोन शब्द. १९८९ च्या केंद्रीय मोटर वाहन नियमांत १२३ वा नियम आहे: मागे बसणाऱ्यासाठी धरायला दांडा, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निदान अर्धं झाकणारं आवरण प्रत्येक मोटरसायकलला हवं, म्हणजे कपडे चाकात जाणार नाहीत. कितीतरी तरुण मुलं गाडी देखणी दिसावी म्हणून हीच जाळी काढून टाकतात. ती परत बसवून घ्या. आणि गळ्याभोवती फेरा घेतलेली ओढणी तर कधीच नको. बसण्यापूर्वी ती जॅकेटच्या आत घाला किंवा सरळ पर्समध्ये ठेवा.

राहिला फेटा. आपल्या कायद्यात हेल्मेटची सूट पगडी बांधणाऱ्या शीख व्यक्तींना आहे, सणाच्या फेट्याला नाही. भारतीय मानक ब्यूरोचं आयएसआय चिन्ह असलेलं हेल्मेट घाला. जून २०२१ पासून त्या चिन्हाशिवाय हेल्मेट विकणं बेकायदा आहे. त्याचा पट्टा हनुवटीखाली आवळा, मिरवणूक कितीही हळू चालली असली तरी. फेटा बांधणाऱ्याला सकाळी घरी बोलावू नका. मिरवणूक जिथे संपते आणि गाड्या उभ्या राहतात, तिथे बोलवा.