अंतिम सेवेचा हिशेब : अमेरिकेतील हॉस्पिस संस्था आणि शासकीय तपासणी



कोणत्याही न्यासाच्या कारभारात वर्षातून एकदा कसोटीचा काळ येतो. पावतीपुस्तके, कीर्द-खतावणी आणि बँकेची पासबुके मांडून लेखापरीक्षक बसतात व त्यांचा अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल होतो. खर्च सत्कार्यी झाला हे साऱ्या गावाला ठाऊक असते; तरीही एखादे प्रमाणक सापडले नाही तर लेखापरीक्षक शेरा मारल्यावाचून राहत नाही. अमेरिकेतील हॉस्पिस संस्थांना अशीच, किंबहुना याहून कठोर परीक्षा द्यावी लागते. तेथे हिशेब द्यावा लागतो तो माणसाच्या अखेरच्या दिवसांचा. समाजातील अनेक घरांतील मुले-मुली आज त्या देशात वैद्यकीय सेवेत आहेत. त्यांच्या पत्रांतून व फोनवरून हा विषय कानी पडलेला असेल.

हॉस्पिस म्हणजे रोग बरा होण्याची आशा उरली नाही अशा रुग्णाची वेदना शमवणारी, त्याच्या कुटुंबाला आधार देणारी सेवा. १९६७ साली डेम सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले, तेथून या चळवळीला आधुनिक रूप आले. अमेरिकेत ती १९७४ साली कनेक्टिकट राज्यात रुजली आणि आपल्या मुंबईत १९८६ साली शांती अवेदना सदनाच्या रूपाने आली. जैन श्रोत्यांच्या मनात येथे सल्लेखनेचा विचार येणे स्वाभाविक आहे. परंतु दोन्हींची गल्लत करू नये. सल्लेखना हे व्रत आहे. हॉस्पिस ही रुग्णसेवा आहे. तीत रोगावरील निष्फळ उपचार थांबतात, अन्नपाण्याचा त्याग अभिप्रेत नसतो.

अमेरिकन संसदेने १९८२ साली कायदा करून वृद्धांच्या मेडिकेअर योजनेत हॉस्पिसचा समावेश केला. संस्थेला पैसे मिळतात ते दिवसाच्या हिशेबाने. त्या दिवशी परिचारिका रुग्णाच्या घरी गेली असो वा नसो, ठरलेला दर मिळतो. त्या दरातून औषधे, खाट, प्राणवायू, परिचारिका, समाजसेवक, धर्मोपदेशक असा सर्व भार संस्थेने उचलायचा. ही पद्धत उदार आहे आणि म्हणूनच संशयाला जागा देणारी आहे. ज्याला सेवेची गरज नाही अशा माणसाला यादीत घालून दिवस मोजत बसणारे लोकही या क्षेत्रात शिरले, हे नाकारण्यात अर्थ नाही. आरोग्य विभागाच्या महानिरीक्षकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०१२ मधील आंतररुग्ण सेवेच्या दाव्यांपैकी सुमारे एक तृतीयांश दावे अयोग्य ठरवले आणि ही रक्कम २५ कोटी डॉलरहून अधिक असल्याचे म्हटले. २०२३ साली ॲरिझोना, कॅलिफोर्निया, नेवाडा आणि टेक्सास या चार राज्यांतील नव्या हॉस्पिस संस्थांवर विशेष देखरेख बसवण्यात आली. तपासनिसांचा काच वाढला तो असा. आणि तो लबाडांना जितका लागतो, त्याहून अधिक प्रामाणिक पण लेखणीने दुबळ्या संस्थांना लागतो.

साऱ्या वादाचे मूळ एका अटीत आहे. रोग नैसर्गिक गतीने वाढला तर आयुष्य सहा महिने किंवा त्याहून कमी उरले आहे, असे डॉक्टरांनी प्रमाणित करावे लागते : आरंभी हॉस्पिसचा डॉक्टर आणि रुग्णाचा नेहमीचा डॉक्टर असल्यास तोही. मृत्यू मात्र पंचांग पाहून येत नाही. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये हॉस्पिस सेवा स्वीकारली आणि डिसेंबर २०२४ मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर, त्यांनी देह ठेवला. त्यांच्या पत्नी रोझलिन यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये तीच सेवा घेतल्याचे जाहीर झाले आणि दोनच दिवसांत त्या गेल्या. एकाच घरातील ही दोन उदाहरणे. कायदाही हे जाणतो. सहा महिने उलटल्याने सेवा बंद होत नाही. प्रथम नव्वद दिवसांचे दोन कालखंड, त्यानंतर साठ-साठ दिवसांचे कितीही. मात्र प्रत्येक कालखंडासाठी नवे प्रमाणपत्र हवे, आणि तिसऱ्या कालखंडापासून डॉक्टर किंवा अधिकृत परिचारिकेने रुग्णाला समक्ष पाहिलेले हवे. ती भेटही कालखंड सुरू होण्यापूर्वीच्या तीस दिवसांतली.

तपासणीची तयारी येथेच सुरू होते. पहिले काम कागदांचे, आणि ते थोडक्यात सांगता येते. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने सही केलेले निवडपत्र. पाच दिवसांच्या आत पाठवलेली त्याची सूचना. डॉक्टरने स्वतः लिहिलेले निवेदन, खाली सही आणि सहीची तारीख. ही तारीख राहिली तर त्या संपूर्ण कालखंडाचे पैसे नाकारले जाऊ शकतात. रुग्ण खरोखर मरणपंथाला लागलेला होता, या वस्तुस्थितीने तेव्हा काही फरक पडत नाही. म्हणून जाणत्या संस्था दावा पाठवण्यापूर्वीच एका व्यक्तीला एवढेच काम देतात : सह्या आणि तारखा पाहणे.

दुसरे काम अवघड आहे, कारण ते स्वभावाशी निगडित आहे. परिचारिका दयाळू असते. वृद्धेच्या मुलीला धीर यावा म्हणून ती चांगले तेवढे बोलते, आणि बोलते तेच लिहिते : ‘प्रकृती स्थिर. जेवण बरे. कन्या समाधानी.’ तीन महिन्यांनी शेकडो मैलांवर बसलेला तपासनीस हे वाचतो तेव्हा त्याला एकच प्रश्न पडतो. स्थिर असलेल्या माणसाला हॉस्पिस कशाला? वस्तुतः त्याच भेटीत परिचारिकेने पाहिलेले बरेच काही कागदावर आलेलेच नसते. स्मृतिभ्रंश झालेल्या एका वृद्धेची कल्पना करावी. दोन महिन्यांपूर्वी ती अर्धे ताट संपवत असे. आज चार चमचे मऊ अन्न घेऊन तिने तोंड मिटले आणि दोनदा ठसका लागला. पूर्वी ‘आई’ म्हटल्यावर मान वळत असे. आज वळली नाही. दंडाचा घेर चोवीस सेंटिमीटरवरून साडेबावीसवर आला. माकडहाडापाशी कातडी लाल झाली. असे लिहिले तर वाचणाऱ्यालाही उतरती कळा दिसते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी तपासनीस मुद्दाम हेच शोधतात : बोलणे पाच-सहा शब्दांवर आले काय, आधाराशिवाय चालता येते काय, गेल्या वर्षात अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झाला काय, सहा महिन्यांत वजन एक दशांशाने घटले काय.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. उतार दाखवा, याचा अर्थ उतार रचा असा नव्हे. रुग्ण खरोखर सुधारला असेल तर तसे लिहावे आणि नियमाप्रमाणे त्याला सेवेतून मुक्त करावे; प्रकृती ढासळल्यास तो पुन्हा येऊ शकतो. संगणकाने आणखी एक मोह निर्माण केला आहे. मागील भेटीची नोंद उचलून आजच्या पानावर डकवली की काम झाले! पण चौदा भेटींत अक्षरशः तेच वाक्य आढळले, की चौदाही भेटींवरचा विश्वास उडतो. राहिलेली नोंद नंतर लिहिता येते, मात्र ती नंतर लिहिली असे स्पष्ट नमूद करून, आजच्या तारखेने. मागची तारीख घालणे हा केवळ नियमभंग राहत नाही.

डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक व धर्मोपदेशक यांच्या गटाने पंधरा दिवसांच्या आत रुग्णाच्या सेवायोजनेचा फेरविचार करावा, असा नियम आहे. ही बैठक उपचारापुरती उरकली जाते तेथे कागदपत्रांत विसंगती शिरते : परिचारिका लिहिते अंथरुणाला खिळलेली, समाजसेवक लिहितो बागेत फिरताना भेटली. दोघेही खरे असू शकतात. भेटीचे दिवस वेगळे असतात. पण हे बैठकीत कोणी विचारले नाही, तर पुढे तपासनीस विचारतो.

२०१७ पासून देशभर लागू झालेल्या पद्धतीत तपासनीस वीस ते चाळीस दावे मागवतो, चुका दाखवून शिकवतो आणि पुन्हा तपासतो. अशा तीन फेऱ्या होऊ शकतात. हा भाग न्याय्य म्हणावा लागेल. भीती असते ती थोड्या दाव्यांतील चुकीचे प्रमाण शेकडो दाव्यांना लावून वसुली काढण्याची. मोठी कंपनी ते सोसते. लहान गावातील एकमेव संस्था त्यात बंद पडू शकते आणि तेथील रुग्णांना रात्री दोन वाजता बोलावण्यासाठी कोणी उरत नाही. न्यायालयेही एकमताची नाहीत. २०१९ साली असेराकेअर प्रकरणात अकराव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने म्हटले, की दोन डॉक्टरांतील प्रामाणिक मतभेदामुळे दावा खोटा ठरत नाही. पुढच्याच वर्षी तिसऱ्या परिमंडळाने निराळी भूमिका घेतली. परंतु खोटेपणाचा आरोप निराळा आणि पैसे नाकारणे निराळे. त्यासाठी अपुरी नोंद पुरते.

नकार आला तर अपिलाच्या पाच पायऱ्या आहेत. पहिल्या अपिलाला एकशे वीस दिवसांची मुदत असते, पण वसुली थांबवायची तर ते तीस दिवसांत दाखल करावे लागते. हा बारकावा न कळल्याने अपील चालू असतानाच पैसे कापले जातात. त्याआधीचा टप्पाही तितकाच नाजूक. कागद मागणाऱ्या पत्राला सामान्यतः पंचेचाळीस दिवस मिळतात आणि काही तपासयंत्रणा तीसच देतात. उत्तर गेले नाही तर कागद न वाचताच दावा नामंजूर होतो. म्हणून अनुभवी व्यवस्थापक टपाल घेणाऱ्या कारकुनाला सर्वांत आधी शिकवतात : असे पत्र ओळखायचे कसे, त्यावर आल्याची तारीख लगेच घालायची आणि त्याच दिवशी ते कोणाच्या हाती द्यायचे.