कणगीतले भाऊबंद



 स्वागताध्यक्षाने कुसगावची थोरवी सांगावी असा रिवाज आहे. मी कणगीची सांगतो. बुरडाने विणलेली, शेणामातीने लिंपलेली बांबूची कणगी आणि तिच्यात भात, हे इथलं जुनं वैभव. बांबूचा भुगा पाडणारा डायनोडेरस मिनुटस आणि आतलं भात पोखरणारा रायझोपर्था डॉमिनिका, दोघेही बॉस्ट्रिकिडी कुलातले. भांडं आणि भांड्यातलं धान्य, दोन्हींवर एकाच घराण्याचा डल्ला! त्याच कणगीत सापडणारा सोंडकिडा मात्र परक्या कुळाचा.

बॉस्ट्रिकिडी हे कुल फ्रेंच शास्त्रज्ञ लात्रेय यांनी १८०२ साली मांडलं. लाकूड पोखरणारा लिक्टस आणि त्याच्या सोयऱ्यांना पुढे बराच काळ वेगळं कुल दिलं गेलं. त्यांचं डोकं वरून दिसतं. इतर बहुतेकांचं छातीच्या कवचाखाली दडलेलं असतं. आज त्यांना बॉस्ट्रिकिडीचंच उपकुल मानतात. मला हे पटतं, कारण भूक एकच आहे: स्टार्चची. लिक्टसची मादी आधी लाकूड कुरतडून चव बघते, मग त्याच्या सूक्ष्म नळ्यांत अंडी घालते. चीड-देवदाराच्या लाकडात तशा नळ्याच नसतात, म्हणून ती लाकडं तिच्या तावडीतून सुटतात. तोडलेला बांबू ओहोळात बुडवून ठेवणाऱ्या आपल्या जुन्या माणसांनी कुल-उपकुल वाचलं नव्हतं, पण पाण्याने स्टार्च घटतो आणि घुण उपाशी राहतो, एवढं त्यांच्या हाताला ठाऊक होतं.

ही नातीगोती नुसती कागदावरची नाहीत. याच कुलातला, मध्य अमेरिकेतला प्रोस्टेफॅनस ट्रंकॅटस १९७०च्या दशकाअखेर टांझानियात पोहोचला आणि मक्याची कोठारं फस्त करू लागला. तो रानातल्या लाकडावरही वाढतो, मग नुसत्या कोठाराच्या बंदोबस्ताने काय होणार? धान्यकिड्याचे अभ्यासक आणि लाकूडकिड्याचे अभ्यासक आज इथे एकाच मांडवात बसवलेत, ते याचसाठी.

दुपारच्या जेवणात वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचा, १९८७ साली आलेला इंद्रायणी तांदूळ आहे. निवडून घेतलाय, निर्धास्त जेवा. नंतर गाड्या कार्ल्याला निघतील. तिथल्या चैत्यगृहाच्या छतातल्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षं टिकून आहेत. त्या का टिकल्या, यावर वाद तिथेच घाला. पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी आमच्या कार्यकर्त्यांना आधी सांगून ठेवावं.