सोंगाड्याचा हजरजबाबीपणा
(कान्हे येथील भाषण)



कान्ह्याहून इंदुरी फार दूर नाही. दोन्ही गावे मावळातलीच. त्या इंदुरीचे दादू इंदुरीकर ‘गाढवाचं लग्न’ या वगात सावळ्या कुंभार उभा करीत. वगाला कथेचा सांगाडा असे. त्यावर मांस मात्र सोंगाड्याने समोरचा प्रेक्षक पाहून तेथल्या तेथे चढवावयाचे. तमाशातील या कामगिरीबद्दल १९७३ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला.

तमाशाच्या फडांतील पुष्कळ कलावंत आपल्याच वस्त्यांतून आले. त्यांची लाज बाळगू नका. फाटक्या वेषातला सोंगाड्या राजाला आणि प्रधानाला उलट प्रश्न विचारतो, आणि सारे गाव हसते. एरवी ज्यांच्यापुढे मान वर करण्याची मुभा नव्हती, त्यांना बोर्डावर जाब विचारण्याचे धैर्य या विनोदाने दिले. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि अन्य जलसाकार यांनी हेच शस्त्र हाती घेतले. तमाशाचा साचा त्यांनी ठेवला, आशय बदलला आणि अस्पृश्यतेलाच प्रश्न विचारले.

परंतु विनोदाला विवेक हवा. दुबळ्यावर, स्त्रीच्या देहावर वा कोणाच्या जातीवर हशा मिळविणे सोपे आहे; त्यात कला नाही. आपल्या मुलामुलींना संमेलनात, विहाराच्या अंगणात न लिहिलेले संवाद बोलू द्या. त्यांची जीभ धीट होऊ द्या. एवढेच पाहा, की त्यांचा विनोद बलवंताला प्रश्न विचारतो की दुबळ्याला खाली पाहावयास लावतो.